पनीर काढा, पण पोरांच्या ताटातलं अंडं परत द्या

प्रति,
मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेले पंधरा दिवस तुमच्या वाचकांच्या पत्रांत सरकारी कार्यक्रमातल्या जेवणावरून जी वादावादी चाललीय ती मी रोज वाचतेय, दुपारची भांडी झाली की पहिलं तेच पान उघडते. एकांनी लिहिलं की जिल्हा परिषद असो महापालिका असो, जनतेच्या पैशातनं जेवण असेल तर ते पूर्ण वनस्पतीजन्य पाहिजे, दूध तूप पनीर पण नको. त्यावर दुसऱ्यांनी लिहिलं की कोल्हापुरात हे खपवून घेणार नाही, ही तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची भूमी आहे, आणि हे सगळं शाकाहार लादायचं चाललंय. मला दोघांचं पण थोडं थोडं पटलं. पण दोन्हीकडनं जो स्वयंपाक करतो त्याला कुणी विचारलं नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलं तर सांभाळून घ्या, पण मधलं कापू नका एवढी विनंती.

मी करवीर तालुक्यात नदीकाठच्या गावात राहते. आमचा अकरा बायकांचा बचत गट आहे आणि २०१६ पासनं आम्ही जेवणाच्या ऑर्डरी घेतो, लग्न बारसं वास्तुशांती तर आहेच पण जास्त करून सरकारी, म्हणजे प्रशिक्षण, शेतकरी मेळावा, क्रीडा स्पर्धा, आशा ताईंचं शिबिर असलं. घरात दोन म्हशी आहेत, सकाळ संध्याकाळ गावातल्या डेअरीला दूध जातंय, आणि रविवारी घरात मटण नसेल तर पोरं तोंड फुगवून बसतात. म्हणजे मी काय व्हीगन, म्हणजे दूध-तूप पण न खाणारी, वगैरे नाही हे आधीच सांगते. तरी माझं मत असं आहे की सरकारी पैशाच्या जेवणात दूध-पनीर नको आणि मटण-चिकन पण नको, सगळं शेतातलं पाहिजे. फक्त त्याचं कारण नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर ह्या चांगल्या गोष्टीचा चुकीच्या लोकांना फायदा होणार, त्याबद्दल खाली लिहितेच.

पहिली गोष्ट, तांबड्या-पांढऱ्यावरनं भांडणाऱ्या दादांना सांगते की सरकारी कार्यक्रमात रस्सा असतोय कुठं? एवढ्या वर्षांत आम्हाला सरकारी ऑर्डर मटणाची एकदा पण आलेली नाही. ऑर्डर येते ती अशी, पुरी, पनीर मसाला, एक सुकी भाजी, जिरा राईस, वरनं बटर सोडलेली दाल फ्राय, गुलाबजाम नाहीतर श्रीखंड, मठ्ठा, आणि साहेब लोक मोठे असतील तर शेवटी आईस्क्रीम. दरवेळी हेच, गगनबावड्यात कार्यक्रम असू दे नाहीतर शिरोळात, हिवाळा असू दे नाहीतर मे महिना. म्हणजे खरा प्रश्न पनीरचा आहे, मटणाचा नाहीच.

आता पनीरचा हिशोब बघा. पाचशे ताटाला मला तीस किलो पनीर लागतंय, ते पण हात आखडून वाढलं तर. एक किलो पनीर करायला पाच लिटरच्या आसपास दूध जातं, म्हणजे एका दुपारच्या एका भाजीसाठी दीडशे लिटर दूध. माझ्या दोन म्हशी मिळून दिवसाला बारा-तेरा लिटर देतात, म्हणजे त्यांचं बारा दिवसांचं दूध एका भाजीत. आणि पैसे, चारशे रुपये किलोनं बारा हजार. त्याच पाचशे माणसांना अख्खा मसूर करायचा तर वीस किलो मसूर लागतो, दोन हजारात काम होतंय, आणि वरनं कांदा टोमॅटो शेंगतेल कांदा-लसूण चटणी धरली तरी पनीरच्या निम्म्याला जात नाही. हा पैसा घरपट्टीतनं, करातनं आलेला असतोय ना. आणि स्वस्तातलं पनीर म्हणून जे येतंय ते काय असतंय ते पण सांगते. दोन वर्षांमागं एका मेळाव्याला आम्हाला पनीर आम्ही आणायचं नाही, ठरलेला माणूस आणून देईल असं सांगितलं. मे महिना होता. आलेलं पनीर हाताला रबरासारखं लागलं, तव्यावर टाकलं तर तेल सोडायला लागलं. आमच्यातल्या एकीची लेक फार्मसीला आहे, तिनं तुकडा उकळून गार करून वर आयोडीन टाकलं तर ते निळं पडलं, म्हणजे त्यात स्टार्च होता. पाम तेल, दुधाची पावडर आणि स्टार्च मिळून केलेल्या ह्या मालाला ॲनालॉग म्हणतात, ते विकायला बंदी नाही पण पॅकेटवर तसं लिहिलं पाहिजे, आणि ह्याच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आम्ही ते शिजवलं नाही. पहाटे साडेपाचला निर्णय घेतला, घरातनं वाटाणा आणि मसूर गोळा केला, गरम पाण्यात भिजवला, कुकर लावले, बारा वाजता जेवण तयार. तीनशे माणसं जेवली, पनीर कुठं गेलं म्हणून एकानं विचारलं, बाकीच्यांनी भाजी दोनदा मागून घेतली. बिलातनं मात्र पनीरचे पैसे कापले, आणि ते बिल निघायला पाच महिने लागले ते वेगळंच.

मसूरचं मी उगाच कौतुक करत नाही. कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात हायवेच्या ढाब्यावर लोक मुद्दाम गाडी थांबवून अख्खा मसूर खातात, तो लोखंडी कढईत नीट घोटला, खालनं जरासा लागू दिला की त्याला जी चव येते ती पनीरला येत नाही. आणि आपलं जे आहे ते सगळं बघा एकदा, मटकीची उसळ आणि वर कट, म्हणजे आपली मिसळच, त्यात कुठं दूध आहे? वरण्याची उसळ, पावट्याची आमटी, शेंगदाण्याच्या कुटातली भरली वांगी, आंबाडीची भाजी, डाळकांदा, पिठलं-भाकरी, खर्डा, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी. चंदगड आजरा राधानगरी भागातली नाचणी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ ज्याला जीआय, म्हणजे त्या भागाचाच खास माल असल्याचं मानांकन, मिळालंय, वास घेतला तरी भूक लागते. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, गरम पातळ माडगं पावसाळ्यात करून द्या, माणसं चहा विसरतात. आणि गोड काय म्हणाल तर पुरणपोळी आणि गुळवणी, गुळवणीत गूळ, नारळाचं दूध, वेलदोडा, सुंठ, बास. खपली गव्हाची हुग्गी, तिच्यात पण गूळ आणि खोबरं. कोल्हापुरी गुळाला पण जीआय आहे आणि आपल्याच जिल्ह्याच्या कार्यक्रमात आपण साखरेच्या पाकातला गुलाबजाम वाढतोय, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे सगळं व्हीगन आहे, आपण त्याला कधी ते नाव दिलं नाही एवढंच. आमच्या आजीला जर कुणी सांगितलं असतं की तू प्लांट-बेस्ड जेवतेस तर तिला कळलं नसतं. सणाला मटण, पाहुणा आला तर कोंबडं, बाकी सगळे दिवस भाकरी आमटी उसळ, आणि दूध विकायचं असायचं, घरात चहापुरतं.

प्रोटीनचं काय, असं कायम विचारतात. शंभर ग्रॅम कोरड्या हुलग्यात बावीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, मसूर आणि शेंगदाण्यात त्याच्यापेक्षा जरा जास्तच. पनीरमध्ये अठरा-वीस. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. मोजून बघितलं तर ताट हलकं पडत नाही.

आणि अजून एक, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपयाला दोन चपात्या, एक वाटी भाजी, भात, वरण. सरकारी पैशातनं गरिबाला मिळणारं ते जेवण, त्यात पनीर नाही, तूप नाही, बटर नाही, आणि कोरोनात कितीतरी लोक त्याच्यावर जगले. त्याच्या आधी १९९५ च्या सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर काढली होती. म्हणजे रोजगाराला आलेल्या माणसाला वनस्पतीजन्य जेवण चालतंय, आणि हॉलमधल्या खुर्चीत बसून गरिबीवर भाषण ऐकणाऱ्यांना पनीर लागतंय. जे जेवण सरकारला गरिबासाठी पुरेसं वाटतं ते साहेबांना पण पुरेसं वाटलं पाहिजे, मला तरी ह्यात चूक दिसत नाही.

आता आमच्या दुधाचा विषय. गावात मी हे बोलले तर आमच्या डेअरीचे सेक्रेटरी मला म्हणाले, वहिनी, तुम्ही स्वतः दूध घालता आणि दुधाच्या विरोधात बोलता? त्यांना मी जे सांगितलं तेच इथं लिहिते. कोल्हापूर दुधावर उभं आहे हे मला कुणी शिकवायला नको, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर अजून माणसं धारोष्ण दूध प्यायला येतात, गोकुळ दूध संघ १९६३ पासनं आहे, दर दहा दिवसाला जे बिल येतं त्याच्यावर आमच्यासारख्या हजारो बायकांचं घर चालतं. पण सरकारी कार्यक्रमात पनीर नसलं म्हणून आमच्या डेअरीच्या धंद्याला फारसा फरक पडणार नाही, आणि जे स्वस्त पनीर तिथं येतं ते आमच्या दुधाचं नसतंयच, वर सांगितलं ते. उलट हुलगा, वरणा, नाचणी, कारळं करणाऱ्या शेतकऱ्याला आज विचारणारं कोण नाही. उसाला कारखाना आहे, दुधाला संघ आहे, हुलग्याला काय आहे? २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष होतं, म्हणजे नाचणी-बाजरीसारख्या धान्यांचं, त्या वर्षी आम्हाला नाचणीच्या भाकरीच्या ऑर्डरी आल्या, नाचणीचे लाडू मागितले, डोंगरातल्या शेतकऱ्याकडनं आम्ही थेट पोती उचलली, आणि २०२४ उजाडलं तसं परत पुरी आणि पनीर. वर्ष संपलं म्हणून भाकरी संपली. त्या शेतकऱ्याचा मला फोन आला होता, ह्या वर्षी किती पोती लागतील म्हणून, मला काय उत्तर द्यायचं कळेना.

हवामानाचं पण बोलायला पाहिजे कारण पहिल्या पत्रातल्या भावांचा सगळा जोर त्याच्यावर होता. म्हैस गाय रवंथ करते तेव्हा ढेकरातनं मिथेन बाहेर पडतो आणि तो कार्बन डायऑक्साईडपेक्षा कितीतरी पटीनं जास्त उष्णता धरून ठेवतो. जगभरातल्या जनावरांचा सगळा धंदा मिळून माणसामुळं होणाऱ्या उत्सर्जनातला १४.५ टक्के वाटा उचलतो असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं २०१३ मध्ये मांडलं, आणि त्यात दूध पण धरलेलं आहे, फक्त मटण नाही. हे ऐकून मला बरं वाटलं नाही कारण माझ्या दोन म्हशी पण त्यात आल्या. पण मी २०१९ चा पूर बघितलाय. पंचगंगेची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट आणि पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं, आम्ही म्हशींची दावी सोडली आणि पाण्यातनं त्यांना टेकावर नेलं, एक रेडकू राहिलं. २०२१ ला परत तेच, उलट जरा जास्त. पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही, चार दिवसांत महिन्याचा पडतो, हे आमच्या गावातलं कुणीही सांगेल. मी म्हशी विकणार नाही, माझं घर त्याच्यावर आहे. पण जिथं कुणाचं पोट मारलं जात नाही, नुसती सवय म्हणून पनीर चाललंय, तिथनं तरी सुरुवात करा की.

इंग्लंडमध्ये हे झालंय असं लेकीनं मोबाईलवर वाचून दाखवलं. ऑक्सफर्डशायरच्या काउंटी कौन्सिलनं, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखीच, डिसेंबर २०२१ मध्ये ठराव केला की आपल्या बैठकांत आणि कार्यक्रमांत फक्त वनस्पतीजन्य जेवण. तिथले शेतकरी चिडले, टीव्हीवरचा जेरेमी क्लार्कसन तिथं शेती करतो तो पण विरोधात उभा राहिला. एडिनबर्गच्या कौन्सिलनं जानेवारी २०२३ मध्ये प्लांट बेस्ड ट्रीटीला, म्हणजे वनस्पतीजन्य जेवणाकडं वळा असं सांगणाऱ्या जागतिक आवाहनाला, पाठिंबा दिला, तिथं पण शेतकऱ्यांनी नाराजी दाखवली. मला त्या शेतकऱ्यांचं दुःख कळतं, पण त्यांचा वाद आणि आपला वाद एक नाही. तिथं कौन्सिलच्या जेवणात मांस होतं ते काढायचा प्रश्न होता. आपल्याकडं मांस आधीपासनंच बाहेर आहे, आणि ते का बाहेर आहे ह्याचं कारण हवामान नव्हतं.

इथं मी दुसऱ्या पत्रातल्या दादांच्या बाजूनं आहे, पूर्ण. डिसेंबर २०२४ मध्ये मंड्याला कन्नड साहित्य संमेलन झालं, आपल्या शेजारच्या राज्यात, सरकारच्या पैशातनं. तिथल्या नियमांत मांसाहाराला दारू आणि तंबाखूच्या ओळीत बसवलं, मनाई म्हणून. लोक भडकले ते बरोबर भडकले. मटण खाणारा माणूस व्यसनी आहे का? २०२५ च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवलीत आणि अजून काही महापालिकांनी मांसाची दुकानं बंद ठेवायला सांगितली, ते पण मला पटलं नाही, लोकांनी स्वतःच्या पैशानं स्वतःच्या घरात काय शिजवायचं ते महापालिकेनं सांगायचं नाही. कोल्हापूरकरांनी २०१९ मध्ये मटणाच्या दरासाठी आंदोलन केलंय, इथं असलं काय चालणार नाही आणि चालू पण नये.

आणि हे नुसतं पेपरातलं नाही, माझ्या अंगावर आलेलं आहे. चार वर्षांमागं एका संस्थेची मोठी ऑर्डर होती, तीन दिवसांचं शिबिर, सरकारी अनुदानातलं. मेनू ठरला, दर ठरला, आणि निघताना संस्थेच्या बाईंनी विचारलं, तुमच्या गटातल्या बायका घरी मांसाहार करतात का? मी म्हटलं हो, सगळ्याच करतो. त्या म्हणाल्या, आम्हाला शुद्ध शाकाहारी आचारी पाहिजेत. मग हळूच विचारलं, गटात कोणकोणत्या समाजाच्या बायका आहेत. ऑर्डर गेली. आमच्या गटात सगळ्या समाजाच्या आहेत, एकमेकींच्या हातचं खातो, एकमेकींची बाळंतपणं केलीत. त्या दिवशी टेम्पोत कुणी काही बोललं नाही, घर येईपर्यंत. ज्या गावात शाहू महाराजांनी त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंना हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्याले, लोकांना पाजला, त्या गावात हे झालं.

म्हणून मी म्हणते की ठराव करायचा असेल तर त्यात शुद्ध, सात्त्विक, पवित्र हे शब्द येता कामा नयेत. लिहायचं की खर्च कमी होतो, दूध कमी लागतं, डोंगरातल्या शेतकऱ्याचा माल उचलला जातो, आणि एका पंगतीत सगळे बसू शकतात. कारण ते पण खरं आहे, आमच्या शिरोळ-हातकणंगल्याकडचे जैन शेतकरी येतात त्यांच्यासाठी एक पातेलं बिनकांद्याचं वेगळं ठेवलं की झालं, मुसलमान बहिणींना हलाल आहे की नाही विचारावं लागत नाही, दूध न पचणारी माणसं असतात ती पण पोटभर जेवतात. पुराच्या वेळी शाळेतल्या छावणीत आम्ही नऊ दिवस राहिलो, गावोगावहून भाकरी आणि चटणीची गाठोडी यायची, आमटी-भात तिथंच शिजायचा, कुणी केलं कुणी आणलं कुणालाच विचारायचं सुचलं नाही. आणि ठरावात हे पण लिहा की स्वयंपाक करणाऱ्याच्या घरात काय शिजतं ते विचारायचं नाही, कुणाचा डबा उघडून बघायचा नाही.

शाळेतल्या पोरांचा विषय मात्र पूर्ण वेगळा आहे आणि तो ह्यात मिसळू नका अशी हात जोडून विनंती. पहिल्या पत्रात शाळेचा पोषण आहार पण वनस्पतीजन्य करा असं लिहिलंय, तिथं माझा विरोध. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं पोरांना आठवड्यातनं एकदा अंडं द्यायचं ठरवलं, जी खात नाहीत त्यांना केळं. जानेवारी २०२५ ला त्याचे पैसे बंद केले, लोकवर्गणीतनं द्या म्हणाले. आमच्या गटातली एक जण शाळेत खिचडी करते, ती सांगते की अंड्याच्या दिवशी हजेरी भरलेली असायची, ऊसतोडीच्या टोळ्यांची पोरं लवकर येऊन बसायची. मेळाव्याला आलेला मोठा माणूस संध्याकाळी घरी जाऊन पाहिजे ते खाऊ शकतो. त्या पोराला घरी ते मिळेलच असं नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन असतं आणि ते पोराला आवडतं, सोलून खाता येतं, त्यात भेसळ करता येत नाही. मोठ्यांच्या ताटातलं पनीर काढून जे पैसे वाचतील त्यातनं पोरांचं अंडं परत सुरू करा, हिशोब मी वर दिलेलाच आहे.

कामाच्या दोन गोष्टी सांगते. दुधाच्या गोडाचं जेवण मे महिन्यात चार तासांच्या वर टिकत नाही, उरलं की फेकून द्यावं लागतं, आणि मसूर भाकरी हुग्गी संध्याकाळपर्यंत चांगली राहते, आम्ही ती सीपीआर दवाखान्यासमोर नाहीतर स्टँडवर नेऊन वाटतो. दुसरं, कोटेशन मागवताना नुसतं 'व्हेज जेवण' असं लिहू नका, काय पाहिजे ते पदार्थाच्या नावानं लिहा, कारण नुसतं व्हेज लिहिलं की सगळे पनीर धरून दर लावतात आणि ज्याचं पनीर सगळ्यात स्वस्त त्याला काम जातं. भाकरीचा दर वेगळा धरा, भाकरी थापायला माणूस लागतं, पाचशे माणसांना हजार भाकरी म्हणजे सहा बायका पहाटे तीनपासनं चुलीसमोर. पुरीच्या दरात भाकरी मागितली तर आम्हाला परवडत नाही आणि मग परत पुरीच येते. आणि बिल महिन्याच्या आत काढा.

२६ जूनला शाहू जयंती आहे. त्या दिवशी जिल्ह्यात कुठल्याही सरकारी कार्यक्रमात जेवण असेल तर एकदा अख्खा मसूर, नाचणीची भाकरी, भरली वांगी, घनसाळचा भात आणि गुळवणी-पोळी ठेवून बघा. पावसाचे दिवस असतात, सोबत माडगं पण देऊ. मसूर आदल्या रात्री भिजवावा लागतो, त्यामुळं निदान दोन दिवस आधी सांगा.

आपली एक वाचक,
महिला बचत गट, ता. करवीर, जि. कोल्हापूर